पर्गोल्याचं पॉलीकार्बोनेट छत गळतंय : सिलिकॉन संपलं, पाणी संपेना

ओलीगच्ची (धागाकर्ता) | २१ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

पुण्यात रो हाउस आहे. वरच्या गच्चीत घराच्या भिंतीला लागून बारा बाय चौदा फुटांचा पर्गोला (खांबांवरचा मांडव) करून घेतला. एमएसचे (लोखंडी) चौकोनी पाइप, वर ६ मिमीचं पोकळ पॉलीकार्बोनेट शीट (प्लास्टिकचं, आत नळ्या असतात ते), ब्राँझ रंगाचं. पहिला पावसाळा कोरडा गेला. गेल्या वर्षी भिंतीकडून ओघळ आले, फॅब्रिकेटरने वरून सिलिकॉन मारून दिलं. ते दिवाळीपर्यंत टिकलं, म्हणजे पाऊस थांबेपर्यंत.

यंदा पहिल्याच मोठ्या सरीत भिंतीकडून तर धार आहेच, शिवाय दोन शीटच्या जोडाखाली थेंब, काही स्क्रूंखाली थेंब, आणि शीटच्या आतल्या नळ्यांत पाणी साठून डुचमळताना दिसतंय. फॅब्रिकेटर म्हणतो अजून सिलिकॉन मारू. शेजारचे म्हणतात डांबरी पट्टी चिकटवा. आई म्हणते काढून टाका ते, आभाळ तरी दिसेल.

कोणी कायमचा इलाज केलाय का? का दर जूनला हेच?

---

खवचट_खंडू | २१ जून, रात्री १०.५२

फॅब्रिकेटर "उद्या येतो" म्हणाला असेल तर धागा गणपतीपर्यंत चालणार. खुर्ची टाकून बसलो आहे. छत्री घेऊन.

---

पाइपपाना | २१ जून, रात्री ११.१५

माझा धंदाच फॅब्रिकेशनचा आहे, चिंचवडला. आधी चार गोष्टी सांगा. भिंतीपासून बाहेरच्या टोकापर्यंत उतार किती? स्क्रू शीटमधून आरपार मारलेत का, आणि भोक स्क्रूएवढंच आहे का मोठं? जोडाला काय वापरलंय? शीटच्या उघड्या तोंडांना टेप आहे का?

हे कळल्याशिवाय सिलिकॉनची नळी हातात घेऊ नका.

---

ओलीगच्ची | २२ जून, सकाळी ८.०५

@पाइपपाना, लेव्हल पाइप लावून बघितलं. बारा फुटांत तीन इंच उतार. स्क्रू आरपार, भोक वेगळं पाडलेलं नाही, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट मारलेत. जोडाला पॉलीकार्बोनेटचीच एच पट्टी (इंग्रजी H च्या आकाराची, दोन्ही शीट तिच्या खाचांत बसतात). तोंडांना साधी पारदर्शक चिकटपट्टी होती, तिचे आता फक्त अवशेष आहेत.

---

पाइपपाना | २२ जून, दुपारी १.३०

मग गळणारच. रागावू नका, सविस्तर सांगतो.

पहिलं उताराचं. या शीटला निदान ५ अंश उतार लागतो. आमच्या भाषेत फुटाला इंच. तुमच्या बारा फुटांना बारा इंच हवा होता, मिळालाय तीन. म्हणजे पाणी वाहत नाही, रेंगाळतं. रेंगाळलेलं पाणी पट्टीच्या फटीत ओढलं जातं, उताराच्या उलट दिशेलासुद्धा. शिवाय ६ मिमीचं शीट दोन पाइपांच्या मध्ये झोळ घेतं. पाइप किती अंतरावर आहेत ते लिहिलं नाहीत, पण दोन फुटांपेक्षा जास्त असतील तर तिथे तळी होत असतील.

दुसरं, आणि हेच कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पॉलीकार्बोनेट उन्हात खूप वाढतं. मीटरला, दर अंश सेल्सियसला साधारण ०.०६५ मिमी. तुमचं शीट बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. मे महिन्यात दुपारी शीट ६० अंशाला जातं, पावसात २० ला येतं. ४० अंशांचा फरक धरला तर लांबीत साडेनऊ मिमी फरक पडतो. खालचा लोखंडी पाइप त्याच फरकाला दोन मिमीसुद्धा वाढत नाही. आता स्क्रूएवढ्याच भोकात शीट आवळून ठेवलंय, ते हलणार कुठे? मग ते भोकच लांबट करतं, वॉशर फाडतं, नाहीतर भोकापासून तडा जातो. पहिला पावसाळा कोरडा गेला कारण तोपर्यंत भोकं गोल होती.

भिंतीजवळचं सिलिकॉनही तसंच. एक टोक भिंतीला, एक शीटला. शीट सरकलं की सुटणार. वरून कितीही थर मारा.

---

संत्राबर्फी | २२ जून, दुपारी २.१०

पाइपपाना भाऊ, आता समजलं! आमच्या इकडं नागपुरात मे मध्ये ४५ च्या वर जाते, आन् संध्याकाळी ऊन उतरलं की शेड कट् कट् वाजते. माझी सासू म्हणे वर कोणी चालून राहिलं. दोन डाव लाठी घेऊन वर गेलो होतो मी.

---

पाइपपाना | २२ जून, दुपारी २.३४

@संत्राबर्फी, तेच ते. आकसताना शीट स्क्रूवर घासतं, आवाज येतो. आवाज येतो तोवर शीट हलायचा प्रयत्न करतंय असं समजा. त्या स्क्रूंची भोकं आत्ताच मोठी करून घ्या.

---

निवृत्त_स्थापत्य | २२ जून, सायं. ६.४५

पाइपपाना यांचं म्हणणं तत्त्वतः मान्य, पण सिलिकॉनला सरसकट नावं ठेवू नयेत. माझ्या बंगल्यावर कित्येक पावसाळे सिलिकॉनवर निघाले आहेत. फरक सिलिकॉनच्या प्रकाराचा. दुकानात मागितलं की जे स्वस्तातलं देतात, ज्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. पॉलीकार्बोनेटला ते चालत नाही, बारीक भेगा पडू शकतात. लोखंडालाही गंज चढवतं. नळीवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या. बिनवासाचं किंवा अगदी मंद वासाचं असतं.

दुसरं, जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. जुनं पूर्ण खरवडून काढावं लागतं. प्लास्टिकच्या पट्टीने, पटाशीने नव्हे. आणि पुसायला थिनर, ॲसिटोन, पेट्रोल काहीही नको. साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण सुकू द्यायचं. भर पावसात ओल्या शीटवर मारलेलं सिलिकॉन म्हणजे पैसे गटारात.

---

पाइपपाना | २२ जून, सायं. ७.२०

सर, प्रकाराबद्दल शंभर टक्के मान्य. पण तुमच्या बंगल्यावर उतार किती आहे?

---

निवृत्त_स्थापत्य | २२ जून, सायं. ७.३१

अठरा अंश.

---

पाइपपाना | २२ जून, सायं. ७.३३

🙂

---

निवृत्त_स्थापत्य | २२ जून, सायं. ७.५०

हसण्यासारखं काय आहे? उतार योग्य ठेवला, म्हणूनच सिलिकॉन टिकलं. मी तेच म्हणतोय.

---

खवचट_खंडू | २२ जून, रात्री ८.०२

दोघं तेच म्हणताहेत आणि तरी भांडताहेत. आज धागा अस्सल मराठी झाला.

---

मृणाल_के | २२ जून, रात्री ९.२५

धागाकर्त्याने आधी हे बघावं की पाणी खरंच छतातून येतंय का.

आमच्याकडे पर्गोल्याच्या भिंतीकडून पाणी यायचं. शीट बदललं, पट्टी बदलली, पाणी तसंच. शेवटी एका गवंड्याने वर बघितलं. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) माथ्यावर भेग होती. पाणी तिथून प्लास्टरच्या आत शिरायचं, भिंतीतून खाली उतरायचं आणि पर्गोल्याच्या आतल्या बाजूला बाहेर यायचं. छत बिचारं निर्दोष. भेग भरली, माथ्यावर उतार देऊन गिलावा केला, संपलं.

ओळखायचं कसं? पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांनीही भिंतीकडून पाणी येत राहिलं तर भिंतीवर संशय घ्या. छताची गळती पाऊस थांबला की लवकर थांबते (नळ्यांत साठलेलं पाणी सोडून).

---

कोकणी_फणस | २३ जून, सकाळी ७.१०

पुण्याच्या पावसाला काय घाबरता राव. आमच्याकडे पाऊस वरून येत नाही, बाजूने येतो. पश्चिमेचा वारा सुटला की झड थेट पर्गोल्याच्या पोटात. लोक छत गळतंय म्हणून ओरडतात आणि पाणी आलेलं असतं झडीचं. त्या बाजूला पूर्वी झावळ्यांची झापं बांधायचे, आता हिरवं नेट नाहीतर पारदर्शक पडदा लावतात.

आणि वानरं! त्यांचा विचार फॅब्रिकेटर करतो का? आमच्या छतावर रोज सकाळी आंब्यावरून उड्या. शीट फुटत नाही, चिवट असतं, पण प्रत्येक उडीला स्क्रू ढिले होतात आणि पोकळ शीटला पोचे पडतात. पोच्यात पाणी साठतं. मी शेवटी अर्ध्या भागावर मंगलोरी कौलं चढवली. कौल फुटलं तर एक कौल बदलायचं, विषय संपला.

---

खवचट_खंडू | २३ जून, सकाळी ७.४०

@कोकणी_फणस, वानरांना न्यूट्रल क्युअर विचारून बघा. हलकेच घ्या.

---

ट्रेंटकाठची_सई | २३ जून, दुपारी ३.१५

मी इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. इथे घरामागच्या काचघरांना (कॉन्झर्व्हेटरी) पॉलीकार्बोनेटचं छत सर्रास असतं, त्यामुळे या विषयात आम्ही सगळे सक्तीने तज्ज्ञ. दोन गोष्टी.

एक, हिवाळ्यात सकाळी छतातून थेंब पडायचे तेव्हा मी गळती समजून माणूस बोलावला. तो म्हणाला बाई, रात्रभर पाऊसच नव्हता. आतल्या दमट हवेचं पाणी गार शीटला धरत होतं. पुण्यात डिसेंबरात असं झालं तर सिलिकॉन शोधू नका, खिडकी उघडा.

दोन, नळ्यांत पाणी आणि हिरवं शेवाळ का होतं ते. नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात. वरचं तोंड पूर्ण बंद ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करायचं, आणि खालच्या तोंडाला बारीक छिद्रांची, हवा जाऊ देणारी टेप. तिच्यावर यू आकाराची पट्टी, तिलाही खाली बारीक भोकं. म्हणजे आत जमलेली वाफ-पाणी खाली निघून जातं, धूळ-मुंग्या आत शिरत नाहीत. साधी चिकटपट्टी उन्हात वर्षभरात पापुद्रा होते. दोन्ही टोकं ठार बंद केली तर पाणी आतच अडकतं, तेही नको.

---

ओलीगच्ची | २३ जून, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. @मृणाल_के, तुमची युक्ती करून बघितली. पाऊस थांबल्यावर भिंतीकडचं पाणी अर्ध्या तासात बंद. म्हणजे भिंत निर्दोष, छतच गुन्हेगार. @ट्रेंटकाठची_सई, नळ्यांत मुंग्यांचं अख्खं गाव आहे.

डांबरी पट्टीचं कोणी सांगितलं नाही? ती अजून शेजाऱ्यांच्या हातात आहे.

---

निवृत्त_स्थापत्य | २३ जून, रात्री १०.०५

डांबर नको. डांबरी मालात बहुधा सॉल्व्हंट असतं, ते शीटला चालत नाही. काळा रंग उन्हात तापतो तेही वेगळंच. पट्टी हवीच असेल तर ब्यूटिल रबराची घ्या, तीही कोरड्या शीटवर आणि तात्पुरती म्हणून. मऊ पीव्हीसीचे गॅस्केटही (फटीत दाबून बसवायच्या पट्ट्या) टाळा, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ शीटमध्ये उतरतो. ईपीडीएम रबर घ्यावं.

---

झिपरी | २३ जून, रात्री १०.४५

अवांतर: पॉलीकार्बोनेटखाली पावसाचा आवाज कोणाला सहन होतो? आमच्याकडे जुलैत फोनवर बोलायचं तर घरात पळावं लागतं. आणि मे मध्ये खाली भट्टी. एकच फायदा, सासूबाईंच्या कुरडया दीड दिवसात कडकडीत वाळतात आणि कावळेही येत नाहीत.

---

मृणाल_के | २३ जून, रात्री ११.००

@झिपरी, पारदर्शक घेतलं असेल. दुधी रंगाचं घेतलं की उष्मा जरा कमी. आवाजाला इलाज नाही, मला तो आवडतो.

---

सोसायटीचा_सचिव | २४ जून, सकाळी १०.१०

गच्चीवर छत घातलंत ते ठीक, महापालिकेची परवानगी आणि सोसायटीचं पत्र घेतलंत का?

---

खवचट_खंडू | २४ जून, सकाळी १०.१२

गळणारं छत हे छत नसतं, सचिव. धागाकर्ता सध्या कायद्याने सुरक्षित आहे.

---

पाइपपाना | २४ जून, दुपारी १२.४०

@ओलीगच्ची, आता गळतीच्या जागा निश्चित करा. थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही, पाणी पाइपच्या पोटाने चारचार फूट चालत जातं. कोरड्या दिवशी नळी घ्या. एकाने खाली उभं राहायचं. पाणी आधी सगळ्यात खालच्या कडेला सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग थोडं वर, मग अजून वर, भिंतीचा जोड सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही. खडूने खुणा करा.

शीटवर पाय ठेवू नका. दोन पाइपांवर आडवी फळी टाकून तिच्यावर.

---

ओलीगच्ची | २९ जून, दुपारी ४.३०

नळीची परीक्षा झाली. मी वर, बायको खाली. "आता?" "नाही!" "आता?" "नाही!" "आता?" "अरे माझ्या डोक्यावर!" असं करत करत निकाल: भिंतीच्या जोडातून सगळ्यात जास्त. एच पट्टीतून दुसऱ्या नंबरला. स्क्रूंपैकी गळणारे बहुतेक सगळे झोपाळ्याच्या वरचे. हे कसं काय?

---

पाइपपाना | २९ जून, सायं. ५.०५

झोपाळा??? पर्गोल्याच्या पाइपाला झोपाळा टांगलाय आणि आत्ता सांगताय?

---

ओलीगच्ची | २९ जून, सायं. ५.२०

शिसवी पाटाचा. आजीचा आहे. पितळी कड्या.

---

पाइपपाना | २९ जून, रात्री ९.१०

प्रत्येक झोक्याला पाइप लवतो, पाइप लवला की शीट स्क्रूभोवती हलतं, वॉशर घासून घासून बसतो. एकतर झोपाळ्याला स्वतंत्र चौकट द्या किंवा कड्या स्लॅबच्या तुळईला घ्या. शीट ज्या पाइपवर टेकलंय त्याला लटकवू नका.

बाकी कामाचा क्रम सांगतो. आत्ता पावसाळ्यात फक्त ताडपत्री. भिंतीवर लाकडी पट्टीने वरून दाबून, खाली दोऱ्या. दिवाळीनंतर कोरड्या हवेत शीट उतरवा. भिंतीकडची उंची खिडकीमुळे वाढणार नसेल तर बाहेरचे खांब कापून खाली घ्या. मिळेल तेवढा उतार घ्या.

जोडाला एच पट्टी काढून ॲल्युमिनियमची वरची पट्टी, खाली-वर ईपीडीएम, स्क्रू पट्टीतून पाइपमध्ये, शीटमधून नाही. शीट दोन रबरांच्या मध्ये नुसतं धरलेलं राहतं, वाढायला दोन्ही बाजूंना जागा सोडायची. मधे स्क्रू मारावेच लागले तर भोक स्क्रूपेक्षा निदान तीन-चार मिमी मोठं, वर रुंद वॉशर. रबर जेमतेम दबेल एवढंच आवळा. रबर फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त झालं.

भिंतीला ग्राइंडरने खाच मारा, शीटच्या सहा इंच वर. ॲल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा खाचेत घालून तिथे सील करा. पत्र्याची खालची बाजू शीटवर नुसती टेकवा, सहा इंच तरी पुढे येऊ द्या. चिकटवायची नाही! पत्र्याखाली शीट मागेपुढे सरकतं, पत्रा जागेवर राहतो, पाणी पत्र्यावरून उतरतं. रंगावर सील करू नका, रंगाचा पापुद्रा सुटतो, प्लास्टरपर्यंत खरवडा. आणि ओल्या गच्चीवर ग्राइंडर चालवायला कोणी तयार झाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एक राहिलं. शीटच्या ज्या बाजूच्या संरक्षक कागदावर छपाई असते ती सहसा यूव्हीची (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणाऱ्या थराची) बाजू, ती वर. उतरवताना बाजूवर मार्करने खूण करा, नाहीतर परत चढवताना उलटं बसेल आणि काही वर्षांत पिवळं पडून ठिसूळ होईल.

---

निवृत्त_स्थापत्य | २९ जून, रात्री ९.४०

भिंतीचा पत्रा न चिकटवण्याबद्दल पूर्ण सहमत. हे मीही लिहिणार होतो.

---

खवचट_खंडू | २९ जून, रात्री ९.४१

नोंद घ्यावी, तह झाला.

---

ओलीगच्ची | १४ जून, रात्री ८.१५ (पुढचं वर्ष)

धागा वर काढतोय. नोव्हेंबरात काम केलं. जुना फॅब्रिकेटर आला नाही, दुसरा धरला, त्याला या धाग्याची प्रिंट काढून दिली. त्याने दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग म्हणाला "हे कोण पाइपपाना, माझ्याकडे कामाला येईल का?"

बाहेरचे खांब सहा इंच कापले, म्हणजे आता बारा फुटांत नऊ इंच. त्याहून खाली घेतलं तर माझं डोकं लागतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ईपीडीएम, भिंतीत खाच मारून पत्रा, तोंडांना दोन्ही टेपा. एक शीट भोकांपासून तडकलेलं निघालं, ते नवीन घेतलं. बाकीची कॉम्प्रेसरच्या हवेने साफ केली, मुंग्यांचं गाव स्थलांतरित.

परवाच्या वळवात आणि काल रात्रीच्या पावसात भिंत कोरडी, जोड कोरडे. झोपाळा मात्र आईने हलवू दिला नाही. तिथे एका स्क्रूखाली अजून थेंब येतो. खाली तुळस ठेवली आहे.

---

पाइपपाना | १४ जून, रात्री ८.५०

नऊ इंच कमीच, पण पट्ट्या नीट असतील तर चालेल. खालच्या पन्हळीत पानं अडकू देऊ नका, पाणी तुंबलं तर उलटं शीटच्या तोंडात जातं. त्या स्क्रूचं वॉशर बदला, पुन्हा आवळू नका. आईंना नमस्कार.

---

नवी_वाट | १५ जून, सकाळी ९.३०

वाचून खूप कळलं. माझं शीट पोकळ नाही, नागमोडी आहे, पत्र्यासारखं. अलिबागला. त्याला हेच नियम का? जोडावर गळतंय.

---

कोकणी_फणस | १५ जून, सकाळी १०.०५

उताराचं आणि मोठ्या भोकाचं तेच. वेगळं एवढंच की स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खळगीत नाही, खळगीतून पाणी वाहतं. शीटवर शीट निदान दीड नागमोड चढवा. आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे नको. आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्य-पश्चिमेचा, म्हणून शीट पूर्वेकडून घालायला सुरुवात करायची, प्रत्येक पुढचं शीट आधीच्यावर चढवत पश्चिमेकडे यायचं. तुमचं उलटं घातलं असणार, एकदा वर जाऊन बघा.

---

नवी_वाट | १५ जून, सकाळी ११.२०

बघितलं. उलटंच आहे. फॅब्रिकेटरला फोन केला, उद्या येतो म्हणाला.

---

खवचट_खंडू | १५ जून, सकाळी ११.२१

खुर्ची आणतो.